बुडत्या कंपनीचें खरेदीखत

व्यापारांत एखाद्याचें दिवाळें निघणें ही गोष्ट नवी नाहीं. पाऊस, बाजारभाव आणि उधारी या तिघांच्या भरंवशावर चालणारा धंदा केव्हांतरी ठेचाळावयाचाच. आणि सचोटीनें व्यवहार करून जो बुडाला त्याची कींव करावी, निंदा करूं नये, असें आम्ही मानतों. परंतु बुडण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे. गलबताला भोंक पडलें हें तांडेलास आधीं कळतें, आणि उतारू जागे होण्यापूर्वीं तो मोलाचा माल आपल्या सोयऱ्यांच्या होडींत उतरवून घेतो. मग सकाळीं तोच काठावर उभा राहून दैवाच्या नांवानें गळा काढतो! कंपन्यांच्या बाबतींत ही दुसरी तऱ्हा ओळखावी कशी, आणि अशा वेळीं झालेलीं खरेदीखतें, गहाणखतें व फेड कायद्यानें कितपत टिकतात, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न मुंबईच्या पेढीवाल्यांचा आहे, हिंगोलीच्या मोंढ्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. तें बरोबर नाहीं. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता तोंवर येथील पत म्हणजे माणसाची पत असे. वहीवर अडत्याचें नांव असलें कीं पुरे. भारताचा १९१३ चा कंपनी कायदा येथें १९५१ सालीं लागू झाला. पुढें २००२ च्या दुरुस्तीनें शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली, आणि आज वसमत, कळमनुरी, सेनगांव, औंढा या बाजूंचा हळद वा कापूस पिकविणारा कुणबीही कंपनीचा भागधारक असूं शकतो, किंवा कंपनीस माल उधार देऊन तिचा धनको होऊं शकतो. तेव्हां कंपनीचें मरण हा आतां आपल्याही घरचा विषय आहे.

एक उदाहरण घेऊं. समजा, हळदीचा व्यापार करणारी एक कंपनी आहे आणि तिचें देणें तुंबलें आहे. अशा वेळीं ती चार व्यवहार करते. गुदाम व त्याखालची जमीन संचालकाच्या सख्ख्या भावाला निम्म्या किमतीस विकते. जुन्या ओळखीच्या एका अडत्याची बाकी पैन्‌पै चुकती करते. बाकीचे पन्नास अडते हात हलवीत परततात. एक मालमोटार परक्या गिऱ्हाइकास बाजारभावानें विकते. आणि कंपनी गुंडाळण्याचा अर्ज दाखल झाल्यावर हमालांची मजुरी व विजेचें बिल भागविते. चारही ठिकाणीं कंपनीची मालमत्ता दुसऱ्याच्या हातीं गेली. पण चारही सारखीं नव्हेत, हें शाळकरी पोरालाही समजेल. कायदाही तेंच म्हणतो.

या कायद्याचें मूळ तत्त्व सोपें आहे. कंपनी देणें फेडण्यास असमर्थ झाली कीं तिची मालमत्ता नांवापुरती तिची, पण न्यायानें सर्व धनकोंची सामाईक ठेव होते. त्या ठेवींतून एकानें गुपचूप उचल करणें म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतला घांस ओढणें होय. म्हणून कायदा मागें वळून पाहतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें अर्जापूर्वींच्या सहा महिन्यांत एखाद्या धनकोस इतरांहून वरचढ करण्यासाठीं केलेली फेड वा तारण रद्द ठरूं शकतें. अर्जापूर्वींच्या एका वर्षांत झालेलें हस्तांतर नेहमींच्या धंद्याच्या ओघांतलें नसेल, आणि सद्भावानें व योग्य मोबदला देऊन घेणाऱ्याच्या हक्कांतही नसेल, तर तें लिक्विडेटरापुढें टिकत नाहीं. आणि न्यायाधिकरणाकडून समापन सुरू झाल्यानंतरचें हस्तांतर, न्यायाधिकरणानें निराळा हुकूम न केल्यास, निरर्थक होतें. समापनाचा आरंभ हुकुमाच्या तारखेपासून नव्हे, अर्ज दाखल झाला त्या घटकेपासून मोजावयाचा असतो, हें वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

येथें ‘निरर्थक’ या शब्दानें पुष्कळांची दिशाभूल होते. अर्ज पडला कीं कंपनीचे हातपाय बांधले गेले, असें ते समजतात. तसें असतें तर कोणाही खोडसाळ माणसानें खोटा अर्ज ठोकून चांगल्या चालत्या कंपनीचा गळा आवळला असता. हा धोका इंग्लंडांत १८६२ च्या कायद्यानंतर लौकरच ओळखला गेला. १८६८ सालीं विल्टशर आयर्न कंपनीच्या प्रकरणांत, धंद्याच्या ओघांत प्रामाणिकपणें झालेले व्यवहार कोर्टानें कायम करावे, हें तत्त्व मांडलें गेलें. आपल्याकडे इंडस्ट्रियल बँक ऑफ वेस्टर्न इंडियाच्या प्रकरणांत, १९३१ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या निर्णयांत, मुंबई हायकोर्टापुढें १९१३ च्या कायद्याखालीं हाच प्रश्न आला, आणि तेथेंही हीच दृष्टि ठेवण्यांत आली. पुढें २००० सालीं महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत आरोपीचा बचाव मोठा मासलेवाईक होता: कंपनीविरुद्ध समापनाचा अर्ज पडला होता, सबब पैसे देणेंच बेकायदा झालें असतें, मग चेक न वटल्याचा गुन्हा कसला? सर्वोच्च न्यायालयानें ही पळवाट बुजविली. अर्ज पडल्यावर झालेला व्यवहार आपोआप मुळापासून नाहींसा होत नाहीं, कोर्टास तो कायम करतां येतो, असें त्यानें ठरविलें. ढाल धनकोंच्या रक्षणासाठीं दिली होती. ती ऋणकोनें आपल्या पाठीवर बांधून पळावें यासाठीं नव्हे.

देणें थकल्याच्या कारणास्तव होणारीं प्रकरणें आतां मुख्यतः २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालीं चालतात. तिनें मागें पाहण्याची मुदत वाढविली. एकाला झुकतें माप देणारे किंवा कमी किमतीचे व्यवहार परक्याशीं असल्यास एक वर्ष, आणि संबंधितांशीं, म्हणजे संचालक, त्यांचे नातलग किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्या यांच्याशीं असल्यास दोन वर्षें तपासतां येतात. धनकोंना ठकविण्याच्याच हेतूनें माल कमी किमतीस उडविला असेल तर संहितेनें अशी कालमर्यादाच घातली नाहीं. या नियमांची धार २०२० सालीं जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणांत दिसली. त्या कंपनीकडे घरांसाठीं हजारो लोकांनीं पैसे भरले होते. तिनें मात्र आपली शेंकडो एकर जमीन आपल्या मूळ कंपनीच्या कर्जासाठीं बँकांकडे गहाण टाकली. कर्ज देणें हा आमचा रोजचा धंदा, असें बँका म्हणाल्या. घेणाऱ्याचा रोजचा धंदा असून भागत नाहीं. देणाऱ्या कंपनीच्याही रोजच्या धंद्यांत तो व्यवहार बसला पाहिजे, असें सांगून सर्वोच्च न्यायालयानें तीं गहाणें उडवून लावलीं. मोठ्या बँकांच्या गहाणखताची ही गत, तर निम्म्या किमतीच्या भाऊबंदी खरेदीखताची काय कथा!

आतां आमच्या उदाहरणाचा झाडा सहज लागतो. भावाचें खरेदीखत टिकणें कठीण. ओळखीच्या अडत्याची फेड संशयांत. ती नेहमींच्या ओघांतली होती कीं मर्जीची, हें पाहावें लागेल. मालमोटार घेणाऱ्यानें निर्धास्त असावें. मजुरीची फेड धंदा जिवंत ठेवण्यासाठीं झाली असल्यास ती कायम होण्यास हरकत नसावी.

यावरून व्यापाऱ्यांनीं घेण्याचा धडा उघड आहे. अडचणींतल्या कंपनीकडून स्थावर घेतांना तिच्यावर कोठें अर्ज आहे काय, मालमत्तेवर बोजा नोंदला आहे काय, हें आधीं पाहावें. किमतीचा अंदाज त्रयस्थाकडून लेखी घ्यावा. पैसे बँकेमार्फत द्यावे. कंपनीच्या मालावर स्वतः तारण घेतलें असेल तर त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे वेळेवर करवावी. नोंद नसलेलें तारण लिक्विडेटर जुमानीत नाहीं. ‘स्वस्त मिळालें’ ही बढाई पुढें कोर्टांत आपल्याच विरुद्ध पुरावा होते.

परंतु सारा दोष व्यापाऱ्यांच्या निष्काळजीपणावर ढकलणें आम्हांस मान्य नाहीं. संहितेखालीं अर्ज करण्यासाठीं थकबाकीची किमान रक्कम २०२० च्या मार्चमध्यें एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यांत आली. वीस लाखांच्या उधारीनें कंबर मोडलेल्या मोंढ्यांतल्या अडत्यास एक कोटीचा उंबरठा ओलांडतां यावा कसा? दुसऱ्या कोणीं प्रकरण उभें केलें तर आपला दावा दाखल करावा, इतकेंच त्याच्या हातीं उरतें. आणि तोंवर माल होडींत बसून पैलतीरीं गेलेला असतो. त्यास एक जुना दरवाजा अद्याप उघडा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या ५३ व्या कलमाखालीं, धनकोंना बुडविण्याच्या वा टोलविण्याच्या हेतूनें झालेलें हस्तांतर रद्द करण्यासाठीं त्यास सर्व धनकोंच्या वतीनें दिवाणी कोर्टांत दावा लावतां येतो. मात्र संहितेची स्थगिती एकदां लागू झाली कीं कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. म्हणून जागें व्हावयाचें तें वेळींच व्हावें, आणि एकट्यानें न होतां दहा जणांनीं मिळून व्हावें.

सरकारास आमची सूचना अशी कीं, कंपनीविरुद्ध असा अर्ज आला कीं त्याची मराठी नोटीस, जेथें तिची स्थावर मालमत्ता आहे त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरींत व बाजार समितीच्या फळ्यावर लागावी. याला फारसा खर्च नाहीं, आणि निष्पाप खरेदीदार व लहान धनको दोघेही वांचतील. एक कोटीची अटही लहान व्यापारी व शेतकरी यांच्यापुरती खालीं आणली पाहिजे. धनिकांचीं गहाणें उलटविण्याचें सामर्थ्य ज्या कायद्यांत आहे, त्याच्या दारापर्यंत गरिबाला पोंचतां येत नसेल, तर तो कायदा कितीही उत्तम असला तरी अर्ध्याच वाटेवर उभा आहे. उरलेली अर्धी वाट करून देणें हें लोकांनीं निवडलेल्या सरकारचें कर्तव्य आहे. आणि तें त्यानें करावें म्हणून सतत मागणी करीत राहणें हें आपलें.