दमट हवामानातील परागसाठवण : कोकणातील पीक पैदाशीच्या संदर्भात

प्रस्तावना :
दोन वाणांच्या संकरातून नवे वाण निर्माण करताना नर व मादी वाण एकाच वेळी फुलणे आवश्यक असते. प्रत्यक्षात त्यांच्या फुलण्याच्या काळात व ठिकाणात अंतर पडते. हे अंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणजे परागसाठवण होय. पनवेलसारख्या खाडीलगतच्या दमट प्रदेशात मात्र हे काम विशेष दक्षतेचे ठरते.

परागाचे आयुष्य :
सर्वच पराग साठवता येत नाहीत. आंब्याचा पराग द्विपेशीय असून तो कोरडेपणा सहन करतो. याउलट भातासह गवतकुळातील पिकांचा पराग त्रिपेशीय असतो. भाताचा पराग परागकोशातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच निकामी होतो. त्यामुळे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल-१, पनवेल-२ यांसारख्या क्षारसहनशील भातवाणांच्या क्षेत्रात परागपेटीचा फारसा उपयोग नाही. तेथे पेरणीच्या तारखा मागेपुढे ठेवून दोन्ही वाण एकाच वेळी फुलवावे लागतात.

आंब्याची गोष्ट वेगळी आहे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम (मादी) व हापूस (नर) यांच्या संकरातून तयार झालेले ‘रत्ना’ हे वाण १९८१ मध्ये प्रसारित झाले. हापुसाची चव राखून साका व वर्षाआड फळधारणा हे दोष टाळणे हा त्यामागील हेतू होता. आंब्यात हाताने परागण केलेल्या फुलांपैकी फारच थोड्यांना फळ टिकते. म्हणून वापरला जाणारा पराग सजीव असणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

आर्द्रतेची अडचण व उपाय :
पराग आर्द्रताशोषक असतो. सभोवतालच्या हवेत जितका ओलावा, त्या प्रमाणात तो पाणी धरून ठेवतो. अशा परागाची श्वसनक्रिया चालू राहून अन्नसाठा संपतो, बुरशी वाढते आणि गोठवल्यास हिमस्फटिकांनी पेशी फुटतात. दमट हवेत नुसत्या सावलीत वाळवून भागत नाही आणि उष्णता दिल्यास पराग मरतो. म्हणून सकाळी गोळा केलेले परागकोश डेसिकेटरमध्ये सिलिका जेलवर काही तास वाळवावेत. निळे जेल गुलाबी झाल्यास ते तापवून पुन्हा कोरडे करावे. कोरडा पराग लहान लहान कुप्यांत भरून, हवाबंद करून, वाण व दिनांक लिहून उणे २० अंश सेल्सिअसला ठेवावा. दीर्घकाळासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात.

बहुतेक नुकसान कुपी उघडताना होते. थंड कुपी दमट खोलीत लगेच उघडल्यास आत दव साचते. म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. एकदा उघडलेली कुपी परत ठेवू नये.

जीवनक्षमतेची चाचणी :
अ‍ॅसिटोकार्माइनने मृत परागही रंगू शकतो. त्यामुळे केवळ या चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. साखर, बोरिक आम्ल व कॅल्शियम नायट्रेट असलेल्या माध्यमात परागनलिका फुटते का, हे पाहणे अधिक विश्वसनीय होय. मात्र अतिशुष्क पराग थेट द्रवात टाकल्यास त्याच्या पेशीपटलास इजा होते. त्याला आधी थोडा वेळ दमट हवेत ठेवावे. साठवणीत शत्रू ठरलेली आर्द्रता येथे उपकारक ठरते.

समारोप :
डेसिकेटर, सिलिका जेल, शीतपेटी व सूक्ष्मदर्शक एवढी सामग्री महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही उपलब्ध होऊ शकते. हिवाळ्यातील आंब्याचा मोहोर साठवून पावसाळ्याच्या अखेरीस त्याचे अंकुरण तपासणे हा विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त प्रकल्प ठरेल. कोकणातील आर्द्रता बदलता येत नाही. कुपीच्या आतील आर्द्रता मात्र अभ्यासकाच्या हाती असते.