वाऱ्याच्या हाती सुकाणू

शिडाला ‘पंख’ म्हटले, की वर्गातली मुले लगेच वहीत ‘रूपक’ असे लिहून घेतात. परंतु हे रूपक नव्हे, सरळ वस्तुस्थिती आहे. वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चालणारी होडी ज्या शक्तीने पुढे सरकते, तीच शक्ती विमानाला वर उचलते. वाकदार पृष्ठावरून वारा वळतो. त्याची ओढ पंखाला वर नेते आणि शिडाला पुढे. वैमानिकांना शिडाच्या होडीचे वेड लागावे, यात म्हणूनच मला नवल वाटत नाही.

फ्रान्सिस चिचेस्टर हा असाच एक इंग्रज. १९३१ साली त्याने ‘जिप्सी मॉथ’ जातीच्या इवल्याशा विमानातून न्यूझीलंड ते ऑस्ट्रेलिया हा टास्मन समुद्र एकट्याने ओलांडला. वाटेत लॉर्ड हाऊ बेटावर वादळाने विमान उलथून मोडले, तेव्हा बेटवासीयांना हाताशी धरून पठ्ठ्याने ते पुन्हा उभे केले! पुढे त्याने होड्या घेतल्या, त्यांनाही नाव दिले ते ‘जिप्सी मॉथ’च.

त्याचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी ब्लाँडी हॅस्लर. याची ‘जेस्टर’ अवघी २५ फुटांची. तिला चिनी धर्तीचे एकच शीड, तेही आत बसल्या बसल्या दोऱ्यांनी आवरता येणारे. एकेकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीची कल्पना हॅस्लरची. चिचेस्टरने त्याच्याशी अर्ध्या क्राऊनची पैज मारली. चिचेस्टर तेव्हा ५८ वर्षांचा होता, आणि दोनच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला फुप्फुसाचा कर्करोग सांगितला होता. जून १९६० मध्ये एकंदर पाच जण या शर्यतीत उतरले.

प्रश्न एकच होता : एकट्या माणसाने झोपायचे कधी? सुकाणू सोडले, की होडी भरकटणार. दोघांनीही आपापल्या बुद्धीने उत्तर शोधले. होडीच्या मागच्या टोकाला वाऱ्याच्या दिशेशी जुळवलेले पाते. होडी वाट सोडू लागली, की वारा त्या पात्याच्या कुशीवर आदळतो, पाते फिरते आणि सुकाणूला वळवते. म्हणजे जो वारा होडी हाकतो, तोच रात्रभर सुकाणूही धरतो! चिचेस्टरने आपल्या यंत्राला ‘मिरांडा’ असे लाडके नाव ठेवले होते. तो ४० दिवसांत न्यूयॉर्कला पोचला. हॅस्लर ४८ दिवसांत, दुसरा.

खरी मौज पुढेच आहे. १९६६-६७ मध्ये चिचेस्टरने ६५ व्या वर्षी, वाटेत फक्त सिडनीला थांबून, २२६ दिवसांच्या प्रवासात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या ‘जिप्सी मॉथ ४’ वर बसवलेले यंत्र होते हॅस्लरचे! हरणाऱ्याने आपली युक्ती दडवून ठेवली नाही, आणि जिंकणाऱ्याला ती उचलण्यात कमीपणा वाटला नाही. सिडनी यायच्या आधीच ते मोडले, तेव्हा या गड्याने एका लहान शिडाच्या दोऱ्या सुकाणूला जोडल्या आणि बंदर गाठले.

हे वेड आपल्याकडेही पोचले आहे. २०१२-१३ मध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांनी, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ मधून, एकट्याने आणि कुठेही न थांबता मुंबई ते मुंबई प्रदक्षिणा पुरी केली. आणि ते मूळचे कोण? वैमानिक!

तेव्हा वाचकहो, गेटवेसमोर शिडाची होडी कलून जाताना दिसली, तर मुलांना ती नुसती ‘चालते’ असे सांगू नका. ती एका कुशीवर होऊन उडत असते.