बंधाऱ्यामागचा गाळ

पन्हाळ्याच्या पायथ्याने वाहणारी कासारी प्रयाग चिखलीला कुंभी, तुळशी, भोगावतीच्या पाण्याला मिळते आणि तिथून पुढे पंचगंगा होते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, हुपरीचं चांदीकाम, इचलकरंजीचे कापड प्रोसेसचे कारखाने हे सगळं याच नदीच्या खोऱ्यात. नदीला फेस आला, मासे मेले की ओरड होते, पाण्याचे नमुने घेतले जातात. चार दिवसांनी पाणी निवळतं आणि आपणही निवळतो. तळाकडे मात्र कुणी बघत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बंधाऱ्यामागचा गाळ मुठीत घेऊन बघा. वर बोटभरसुद्धा नसलेला तपकिरी थर, त्याखाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. वरचा रंग लोखंडाच्या गंजाचा. खाली प्राणवायू पोचत नाही, तिथं गंधक आणि लोह एकत्र येऊन काळं पडतं. क्रोमियम, जस्त, शिसं, तांबं यांसारखे धातू पाण्यात फार काळ विरघळून राहत नाहीत, चिकणमातीच्या कणांना चिकटून तळाला बसतात. वाळूला ते तेवढे चिकटत नाहीत. चिकणमातीचा कण इतका बारीक, की एका ग्रॅममधल्या कणांचा पृष्ठभाग कित्येक चौरस मीटर भरतो. शिवाय धातू कुजून संपत नाहीत.

आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा गाळ साठवायला अगदी सोयीचे. पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी थांबतं, बारीक कण खाली बसतात. पावसाच्या तोंडावर बर्गे निघतात. साचलेलं ढवळतं, काळ्या थराला हवा लागते आणि बांधलेले धातू पुन्हा मोकळे होऊ शकतात. महापुरात तोच गाळ उसाच्या फडात आणि घरांच्या उंबऱ्यावर येतो.

म्हणूनच सांडपाणी बंद झालं म्हणजे काम संपलं, असं मला वाटत नाही. जपानच्या मिनामातात पाऱ्यामुळे होणारा आजार १९५६ साली उघड झाला. तिथल्या कारखान्याने पारा सोडणं १९६८ साली थांबवलं. तरी खाडीच्या तळाचा सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त करायला १९७७ ते १९९० अशी वर्षं लागली. आपली नदी मिनामाता नाही, पण तळ न तपासता तसं म्हणणंही उपयोगाचं नाही.

पंचगंगेवरच्या राजाराम, रुई, तेरवाड या बंधाऱ्यांमागचा गाळ बर्गे काढण्याआधी दर वर्षी तपासावा. तुलनेसाठी कासारीचा वरचा, कारखान्यांच्या आधीचा गाळही घ्यावा. निकाल गावच्या चावडीवर लावावा. नदीचा गाळ सोन्यासारखा म्हणून शेतात ओढणाऱ्या शेतकरी भावांना एकच विनंती आहे: ट्रॉली भरण्याआधी मूठभर गाळ प्रयोगशाळेत द्या आणि जड धातूंची तपासणी स्पष्ट शब्दांत मागा. नेहमीच्या माती परीक्षणात क्रोमियम, शिसं बघत नाहीत.