एका मतदाराची सात मतं

२९ नोव्हेंबर १८७०, मंगळवार. लंडनच्या मॅरिलबोन भागात त्या दिवशी मतदान होतं. निवडणूक होती शाळांची, आणि उमेदवारांमध्ये एक बाई होती. एलिझाबेथ गॅरेट, वय ३४, पेशा डॉक्टरी. इंग्लंडमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी दारं लावून घेतली म्हणून तिने औषधविक्रेत्यांच्या संघाची परीक्षा देऊन १८६५ मध्ये परवाना मिळवला होता आणि मतदानाच्या काही महिने आधी पॅरिसहून एम. डी. होऊन आली होती. ब्रिटनच्या संसदेसाठी मत द्यायला बायकांना अजून ४८ वर्षं वाट पाहायची होती. पण शाळेच्या बोर्डावर निवडून यायला तिला कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती.

मतमोजणी झाली तेव्हा गॅरेटबाईंच्या नावावर ४७,८५८ मतं होती. अख्ख्या लंडनमध्ये कुणालाही इतकी पडली नाहीत. मॅरिलबोनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होते थॉमस हक्सली, डार्विनची बाजू भर सभेत लढवणारे नामवंत शास्त्रज्ञ. त्यांना मिळाली १३,४९४.

हा आकडा समजायला त्या निवडणुकीची रीत माहीत हवी. त्याच वर्षी विल्यम फॉर्स्टर यांनी प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला होता. तोपर्यंत गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवायच्या त्या चर्चने आणि धर्मादाय संस्थांनी. जिथे शाळा पुरेशा नाहीत तिथे लोकांनी निवडलेलं बोर्ड नेमावं, त्याने स्थानिक करातून शाळा बांधाव्यात, पाच ते तेरा वयाच्या मुलांना हजेरीची सक्ती करणारे नियम हवे तर करावेत, अशी नव्या कायद्याची योजना होती. कर कुणाच्या खिशातून जाणार, तर घरपट्टी भरणाऱ्यांच्या. म्हणून मतही त्यांचं. घरपट्टी स्वतःच्या नावावर भरणाऱ्या विधवा आणि अविवाहित बायका त्यात आपोआप आल्या. उमेदवारी तर विवाहित बाईलाही खुली होती. मालमत्तेची अट नव्हती. पगारही नव्हता.

लंडनचे दहा विभाग पाडले होते आणि सदस्य होते ४९. मॅरिलबोनच्या वाट्याला सर्वांत जास्त, सात जागा आल्या. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराच्या हाती, आणि ती कशीही वाटायची मुभा. सात जणांना एकेक द्या, नाहीतर सातच्या सात एकालाच द्या. कॅथलिकांसारख्या अल्पसंख्य पंथांनाही बोर्डावर जागा मिळावी, यासाठी ही एकगठ्ठा मतांची सोय होती. तिचा फायदा पंथांना झालाच, पण ज्यांना कुठलाच पक्ष तिकीट देत नव्हता त्यांनाही झाला. एखाद्या गल्लीतल्या शंभर माणसांनी ठरवलं की आपली माणूस ही डॉक्टरीणबाई, तर त्यांच्या हातात सातशे मतं होती.

त्या गल्ल्यांनी तसं ठरवलं होतं. गॅरेटबाईंनी १८६६ मध्ये मॅरिलबोनच्या गरीब वस्तीत बायकामुलांसाठी दवाखाना उघडला होता. तिथे येणाऱ्या बायकांचे नवरे, बाप, भाऊ मिळून त्यांच्याकडे गेले आणि निवडणुकीला उभं राहण्याची गळ घातली. जाहीर सभेत बोलण्याची त्यांना सवय नव्हती. तरी त्या सभांमागून सभा घेत राहिल्या. प्रचाराच्या कामात जेम्स स्केल्टन अँडरसन नावाचे एक गृहस्थ आघाडीवर होते. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं.

त्याच दिवशी ग्रिनिचमधून एमिली डेव्हिस निवडून आल्या. आदल्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी ते महाविद्यालय सुरू केलं होतं, जे पुढे केंब्रिजजवळच्या गर्टन इथे गेलं. म्हणजे लंडनच्या पहिल्या बोर्डावर दोन बायका होत्या, आणि दोघींनीही शिक्षणासाठी दारं ठोठावत तारुण्य घालवलं होतं. मुलांना काय शिकवावं हे ठरवायला याहून लायक माणसं त्या शहरात थोडी असतील.

बाकीचे सदस्यही पाहण्यासारखे होते. फिन्सबरीतून बेंजामिन लुक्राफ्ट आले. हे खुर्च्या घडवणारे सुतार, जुने चार्टिस्ट चळवळे आणि मार्क्स ज्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत होता तिच्या मंडळाचे सदस्य. पहिल्या बोर्डावर कामगारांपैकी हे एकटेच. सुतारांच्या संघटनेचे पुढारी रॉबर्ट ॲपलगार्थ लॅम्बेथमधून हरले. वेस्टमिन्स्टरमधून आले पुस्तकविक्रीच्या धंद्यातले डब्ल्यू. एच. स्मिथ. आणि १५ डिसेंबरला गिल्डहॉलमध्ये पहिली बैठक भरली तेव्हा अध्यक्ष निवडले गेले लॉर्ड लॉरेन्स. आदल्याच वर्षी, १८६९ मध्ये, हिंदुस्थानचं व्हाइसरॉयपद सोडून ते मायदेशी परतले होते. एका खंडाएवढ्या मुलखाचा कारभार पाहिलेला माणूस आता लंडनच्या गल्लीबोळांतल्या शाळांचे हिशेब पाहायला बसला, आणि त्याच टेबलाभोवती एक सुतार आणि दोन बायका बरोबरीच्या मताने बसल्या. ब्रिटनच्या दुसऱ्या कुठल्या सभागृहात त्या काळी असं टेबल शोधून सापडलं नसतं.

लंडनबाहेर या मतदानपद्धतीने काहींना चांगलाच धडा दिला. बर्मिंगहॅमच्या बोर्डावर पंधरा जागा होत्या. शहर लिबरल पक्षाचं, म्हणून पक्षाने जोशात पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले. त्यांची मतं पंधरा ठिकाणी विखुरली. चर्चवाल्यांनी कमी उमेदवार देऊन मतं राखली आणि आठ जागा घेतल्या. कॅथलिकांनी एकाच धर्मगुरूवर सगळी मतं ओतली आणि तो पहिल्या क्रमांकाने आला. मतदार जास्त असून लिबरलांच्या हाती सहाच जागा राहिल्या. तीन वर्षांनी त्यांनी बेतानेच उमेदवार दिले, कुठल्या मतदाराने कुणाला किती मतं द्यायची हे आधी बसवून घेतलं आणि बोर्ड जिंकलं. जोसेफ चेंबरलेन अध्यक्ष झाले.

या सगळ्या निवडणुकांत मुलांच्या नावाने सर्वांत जास्त भांडण झालं ते धर्मावरून. बोर्डाच्या शाळेत कुठल्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवायची नाही, असं कलम कायद्यातच होतं. मग बायबल वाचायचं की नाही? स्मिथ यांनी मांडलेला ठराव १८७१ मध्ये मंजूर झाला : बायबल वाचावं, समजावून सांगावं, पण कुठल्या पंथाचा प्रचार करू नये. स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणाऱ्या हक्सलींनीही बायबल वाचण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्रजी भाषेचं इतकं मोठं लेणं गरिबाच्या मुलापासून का हिरावून घ्यायचं, अशी त्यांची भूमिका होती. ही तडजोड वीस वर्षं टिकली. मग जोसेफ डिगल अध्यक्ष असताना बोर्डाने १८९४ मध्ये शिक्षकांना परिपत्रक काढून ख्रिस्ती त्रिमूर्तीचा सिद्धांत कसा शिकवावा ते सांगितलं. तीन हजारांहून अधिक शिक्षकांनी या कामातून सूट मागितली. त्या वर्षीची निवडणूक याच एका कागदाभोवती फिरली. वर्गात चाळीसऐवजी साठ मुलं का बसतात, हा प्रश्न अशा वेळी मागे पडतो. त्याचं वाईट वाटल्याशिवाय हा इतिहास वाचता येत नाही.

पण मागे पडलेली कामं उचलणारेही त्याच निवडणुकांतून आले. हेलन टेलर, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांची सावत्र मुलगी, १८७६ मध्ये सदर्कमधून आल्या आणि तीनदा निवडून आल्या. उनाड ठरवलेल्या मुलांना बोर्ड सुधारशाळांमध्ये पाठवत असे. त्यांतल्या सेंट पॉल नावाच्या शाळेत मुलांचे हाल होतात, हे एलिझाबेथ सर या सदस्येने आणि टेलरबाईंनी उघड केलं. त्या शाळेचे व्यवस्थापक थॉमस स्क्रटन हे बोर्डाच्याच सुधारशाळा समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी टेलरबाईंवर बदनामीचा खटला भरला. १८८२ मध्ये बाईंना तडजोडीत हजार पौंड मोजावे लागले, पण शाळा मात्र बंद झाली ती झालीच. बिनपगारी पदासाठी एवढी किंमत मोजणारी उमेदवार मिळणं हे त्या मतदारसंघाचं भाग्य.

१८८८ ची निवडणूक आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटेल. टॉवर हॅम्लेट्स या लंडनच्या पूर्वेकडच्या कष्टकरी विभागातून त्या वर्षी ॲनी बेझंट उभ्या राहिल्या. हिंदुस्थानशी त्यांचा संबंध यायला अजून अवकाश होता. त्या वेळच्या बेझंटबाई म्हणजे नास्तिक, समाजवादी आणि संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासह न्यायालयात उभ्या राहिलेल्या. त्याच विचारांचा ठपका ठेवून न्यायालयाने पुढच्या वर्षी त्यांची लहान मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली होती. आई म्हणून नालायक ठरवलेली ही बाई दहा वर्षांनी मुलांच्या शाळांसाठी मत मागत दारोदार फिरत होती. उन्हाळ्यात ब्रायंट अँड मे कंपनीच्या आगपेटी कारखान्यातल्या मुलींचा संप त्यांनी पाठीशी उभं राहून यशस्वी केला होता, आणि तो संप झाला होता याच भागात. लोकांनी त्यांना १५,२९६ मतं देऊन पहिल्या क्रमांकावर बसवलं.

बोर्डावर त्या तीनच वर्षं होत्या, पण त्या काळात त्यांनी आणि पाद्री स्ट्युअर्ट हेडलॅम यांनी धरून ठेवलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, शाळा बांधण्याचं कंत्राट घेणाऱ्याने कामगारांना योग्य मजुरी दिलीच पाहिजे. बोर्डाने १८८९ मध्ये ही अट मान्य केली. दुसरी, उपाशी पोटी येणाऱ्या पोराच्या डोक्यात धडा शिरत नाही, तेव्हा त्याला शाळेतच जेवायला घाला. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये खिचडी शिजते, तेव्हा हा जुना वाद आठवावा. शाळेत जेवण देणं हे शिक्षणाचं काम आहे की धर्मादायाचं, यावर लंडनच्या बोर्डात खूप डोकेफोड झाली होती. शाळेची फी त्यांच्या मुदतीतच, १८९१ मध्ये, बहुतेक ठिकाणी उठली. दोन वर्षांनी बेझंटबाई जहाजाने हिंदुस्थानात उतरल्या. १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा मतं मागण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी चांगला मुरलेला होता.

१८७० च्या त्या कायद्याचा धागा पुण्यापर्यंतही येतो. १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सदस्य होते, पण सरकारने नेमलेले. शाळांसाठी मत द्यायचा हक्क तिथल्या रयतेला नव्हता. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. ती मागणी कायद्याच्या भाषेत मांडली गोपाळ कृष्ण गोखले यांनी, १६ मार्च १९११ रोजी. विधेयकाचा आधार कोणता, हे त्यांनी लपवलं नाही : आयर्लंडचा १८९२ चा आणि इंग्लंडचे १८७० व १८७६ चे कायदे. सहा ते दहा वयाच्या मुलांना सक्ती लागू करायचा अधिकार नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हाती द्यावा, एवढीच त्यांची माफक मागणी होती. पुढच्या मार्चमध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. गोखले १९१५ मध्ये गेले. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला तो विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने. लगेच पुण्यात नवा वाद पेटला : पैसे कमी आहेत तर सक्ती फक्त मुलांनाच करायची का? मुलींनाही करा, म्हणून बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढे रमाबाई रानडे होत्या. आज शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ही ‘निम्म्या’ची अट कायद्यात सहज आलेली नाही.

लंडनमध्ये मात्र गोखल्यांच्या विधेयकाच्या वेळी बोर्ड उरलंच नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने चारशेहून अधिक शाळा उभारल्या होत्या. ई. आर. रॉब्सन यांच्या आराखड्यांवर बांधलेल्या त्या उंच, लाल विटांच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती चाळींच्या छपरांवरून दूरवर दिसत. मुलांचं, मुलींचं आणि शिशुवर्गाचं दार वेगळं, आणि प्रत्येकावर तसं कोरलेलं. पण १९०२ च्या कायद्याने इंग्लंडमधली लंडनबाहेरची बोर्डं मोडीत काढली. लंडनचं बोर्ड पुढच्या वर्षीच्या कायद्याने १९०४ मध्ये बंद होऊन कारभार लंडन काउंटी कौन्सिलकडे गेला. चर्चच्या शाळांना करातून पैसा मिळणार, म्हणून रान पेटलं. बायकांचं जे गेलं त्यावर तेवढा गदारोळ झाला नाही. बोर्डाच्या निवडणुकीला बाई उभी राहू शकत होती. काउंटी कौन्सिलला उभं राहण्याची मुभा तिला नव्हती. लंडनच्या बोर्डावर तोवर २९ बायका बसल्या होत्या. मँचेस्टरच्या बोर्डावर लिडिया बेकर १८७० पासून मरेपर्यंत, वीस वर्षं, होत्या. तिथेच १९०० मध्ये एमेलिन पँकहर्स्ट निवडून आल्या होत्या. या कायद्यांनी हे सगळं संपलं, आणि शिक्षण समित्यांवर बायकांना घ्यायचं ते पुरुषांनी नेमून. लंडनचं बोर्ड मोडण्यात आलं त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या संघटनेने सभा उधळून तुरुंगात जायला सुरुवात केली.

१९०७ मध्ये नवा कायदा झाला आणि काउंटी व नगर कौन्सिलांची दारं बायकांना उघडली. तोवर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी सत्तरी ओलांडली होती आणि त्या सफोकच्या किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा या गावी राहत होत्या. मधल्या काळात त्यांनी बायकांसाठी इस्पितळ काढलं होतं, आणि लंडनच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या तिथेच शिकून आपल्या रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या होत्या. १९०८ च्या नोव्हेंबरात, मॅरिलबोनच्या त्या मंगळवारानंतर अडतीस वर्षांनी, ऑल्डबराने त्यांना महापौर केलं. इंग्लंडमधल्या त्या पहिल्या स्त्री महापौर. वय ७२.