स्टॉकहोम ते हेलसिंकी: जाताना दोन तास, येताना शून्य?

समजा, स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून तुमचं विमान सकाळी ९ वाजता सुटलं. हेलसिंकीला पोचण्याची वेळ तिकिटावर ११ दिसेल. परतीचं विमान दुपारी १२ ला निघालं, तर आर्लांडाला पोचण्याची वेळही १२ च्या आसपासच! जाताना दोन तास आणि येताना काहीच नाही, हे वाचून छपाईची चूक वाटते. काहीजण वाऱ्याकडे बोट दाखवतात. पण त्या भागात वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणजे त्याची थोडीफार मदत झालीच तर हेलसिंकीला जाताना होईल. तिकीट तर उलटंच दाखवतं.

खरं कारण घड्याळाचं आहे. तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापतात आणि फिनलंड स्वीडनच्या एक तास पुढे आहे. प्रवास दोन्ही बाजूंनी साधारण एका तासाचाच. उन्हाळ्यासाठी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळं पुढे करतात, त्यामुळे हा फरक बारा महिने कायम राहतो. कच्छपासून अरुणाचलपर्यंत एकच वेळ पाळणाऱ्या आपल्याला याची सवय नसते, म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे.

दुसरा गैरसमज नकाशातून येतो. या दोन विमानतळांमध्ये सात रेखांशांचा फरक आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहाच रेखांश, आणि हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. त्या हिशेबाने हेलसिंकी आणखी लांब असायला हवं. प्रत्यक्षात ते अंतर जेमतेम ४०० किलोमीटर आहे, मुंबई-गोव्यापेक्षाही थोडं कमी. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ सरकतात. हे दोन्ही विमानतळ आहेत त्या ६० अक्षांशाच्या आसपास दोन रेखांशांमधलं अंतर विषुववृत्तावरच्या निम्मंच उरतं. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र ते सगळीकडे सारखंच काढलेलं असतं. उत्तरेकडचे देश त्यात ऐसपैस दिसतात ते त्यामुळेच.

मग ताशी ८०० किलोमीटर वेगाने अर्ध्या तासातच पोचायला हवं, असं कुणी म्हणेल. वेळापत्रकातला तास विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपासच वेळ जातो, आणि त्यातही मोठा भाग वर चढण्यात आणि खाली उतरण्यात. पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. हिवाळ्यात उड्डाणाआधी पंखांवरचं बर्फ रसायन फवारून काढावं लागतं, तो उशीर वेगळाच.

विमानतळाच्या नावावरही विसंबू नका. आर्लांडा शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तर स्टॉकहोमचंच नाव लावणारा स्कावस्ता शंभरेक किलोमीटर दूर, न्यूशोपिंगजवळ. बाल्टिक समुद्रावरून संध्याकाळी सुटणारं जहाज हेलसिंकीला दुसऱ्या दिवशी सकाळी लागतं, पण ते स्टॉकहोम शहरातल्या धक्क्यावरूनच निघतं.

हेलसिंकीहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर तिकीट काढताना निघण्या-पोचण्याच्या वेळांची वजाबाकी करू नका. एकूण प्रवासकाळ वेगळा दिलेला असतो, तो पाहा. आणि उतरल्यावर सर्वात आधी मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे करा.