पैठणच्या मुलाला पटेल असा निबंध

भौतिकीच्या प्राध्यापकाला निबंध तपासायला सहसा कोणी बसवत नाही. पण आमच्या नाशिकमधील एका शिक्षकमित्राने एकदा सातवी-आठवीच्या नागरिकशास्त्राच्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. विषय होता, 'गंगापूर धरणाचे पाणी जायकवाडीला सोडावे का? तुमचे मत पटवून द्या.' झाडून साऱ्या मुलांनी 'मुळीच नाही' असे लिहिले होते. 'आमच्या हक्काचे पाणी', 'घोर अन्याय' हे शब्द पानोपानी होते. आकडा मात्र औषधालाही नव्हता!

मी म्हटले, 'ही वही पैठणच्या मुलाच्या हाती पडली तर?' मित्र हसला. नाशिककराचे म्हणणे नाशिककराला पटवून देण्यात कसले आले आहे कौशल्य?

आता प्रत्यक्ष प्रश्न पाहू या. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. घाटमाथ्यावरचा धोधो पाऊस वरच्या धरणांत साठतो, तर पैठणचे जायकवाडी धरण पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात आहे. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी २००५ मध्ये राज्याने कायदा केला. त्यानुसार पुढे ठरलेला नियम ढोबळमानाने असा : १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस असाच आदेश निघाला. नाशिक आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून मिळून सुमारे ८.६ टीएमसी, म्हणजे ८.६ अब्ज घनफूट, पाणी सोडायचे होते. त्यात गंगापूर धरणसमूहाचा वाटा होता फक्त अर्धा टीएमसी.

हा अर्धा टीएमसी मोठा की लहान? इथे खरी गंमत आहे. ८.६ शी तुलना केली तर तो सहा टक्क्यांहूनही कमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी, त्याच्यापुढे तो एक टक्कासुद्धा नाही. पण आता लिटर मोजा. अर्धा टीएमसी म्हणजे सुमारे १४१६ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर तेवढ्या लोकांना हे पाणी सुमारे ७० दिवस पुरेल!

पाहिलेत ना? पाणी तेच, भाजक बदलला. 'एक टक्कासुद्धा नाही' हे पैठणकर लिहील, '७० दिवसांचे पाणी' हे नाशिककर लिहील, आणि दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून कोणाच्याही निबंधात आकडा दिसला की आधी विचारा, कशाच्या तुलनेत? प्रयोगवहीत एकक न लिहिणाऱ्यांचे गुण मी कापतो. निबंधातला भाजक लपवणाऱ्यांचे दुप्पट कापावेत, असे माझे मत आहे. (माझ्या मित्राला ते फारच कडक वाटते.)

मग मुलांना दुसरा खर्डा लिहायला सांगितला. अट एकच होती. पहिला परिच्छेद पैठणच्या मुलाच्या बाजूने, आणि तोही इतका प्रामाणिक की त्याने मान डोलवावी. मुले कुरकुरली. एकाने तर विचारले, 'सर, मग आपली बाजू पडणार नाही का?' मी म्हटले, 'पडली तर पडू दे, निदान का पडली ते कळेल.'

आठवीतल्या एका मुलीचा खर्डा माझ्या लक्षात राहिला आहे. जायकवाडीवर मोठ्या शहराचे पिण्याचे पाणीही अवलंबून आहे आणि नदी काही एका जिल्ह्याची नसते, हे तिने आधी मान्य केले. मग आपली हरकत मांडली : कोरड्या पात्रातून जाताना पाणी जमिनीत मुरते, आणि जायकवाडीचा जलाशय पसरट व उथळ असल्याने तिथे बाष्पीभवनही खूप होते. कारण बाष्पीभवन पृष्ठभागावर अवलंबून असते, खोलीवर नव्हे. हे वाक्य वाचून मी अर्थातच खूश झालो! तिचे मत मात्र 'मुळीच नाही' वरून 'पिण्यापुरते सोडावे, पण वाटेतली घट मोजून' इथवर आले होते.

नेमकी घट किती, हे तिला ठाऊक नव्हते. तिने अंदाजाने आकडा ठोकून दिला नाही. तिथे रिकामी जागा सोडली आणि समासात लिहिले, 'पाटबंधारे खात्याला विचारायचे आहे.' पत्राचा मसुदा तिने वहीच्या शेवटच्या पानावर केला होता. त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मी दुरुस्त करून दिल्या.