खोट्या पत्त्याचा महागडा हप्ता
ब्रिटनमध्ये मोटारविम्याचा हप्ता गाडी रात्री कुठे उभी असते यावरही ठरतो. म्हणून शहरातले काही जण गावाकडच्या नातेवाइकाचा पत्ता देतात. हा सौदा आतबट्ट्याचा आहे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कंपनी पॉलिसी रद्दबातल ठरवून दावा नाकारू शकते. भरलेला हप्ताही सहसा परत मिळत नाही. अपघातातल्या तिऱ्हाइताला दिलेली भरपाईसुद्धा विमेदाराकडून वसूल होऊ शकते.

सावध चालकाने वस्तीतल्या चोऱ्यांचा भुर्दंड का सोसावा, हा आक्षेप रास्तच आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये पत्त्यापेक्षा चालकाची नोंद, वार्षिक अंतर आणि अनुभव यांना अधिक वजन देणारा कायदा मंजूर करून त्याला उत्तर दिले. नियम बदलला तर न्याय सर्वांना मिळतो. नुसता पत्ता बदलला तर बुडवलेला हप्ता खरे बोलणाऱ्यांच्या माथी बसतो.